दुःखाच्या दाराशी पापाचा हिशेब

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू आणि वडीलजन यांस खुले पत्र

भातसानगर, ता. शहापूर, जि. ठाणे



दुःख हे पापाचे फळ आहे का, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मापेक्षाही जुना आहे. ईयोबाचे सगळे पुस्तक त्याच्याभोवती फिरते. शुभवर्तमानात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा यरुशलेमच्या शिलोह या जागेशी जोडलेला आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांना वाटेत एक जन्मांध भिकारी दिसतो. तो आंधळा जन्मला ते त्याच्या पापामुळे की त्याच्या आईबापांच्या, असे ते येशूला विचारतात. येशू दोन्ही पर्याय नाकारतो, माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. लूकच्या तेराव्या अध्यायात त्याच शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असे समजू नये, हे येशू तिथे स्पष्ट सांगतो आणि पश्चात्तापाचा शब्द मेलेल्यांवर न टाकता ऐकणाऱ्यांकडे वळवतो. दोन्ही प्रसंगांत कारणमीमांसा लोकांना हवी आहे. येशूचे लक्ष समोर उभ्या असलेल्या माणसाकडे आहे.

मराठी बोलण्यात हा प्रश्न रोजचा आहे. ‘केलं तसं भोगलं’, ‘मागच्या जन्मीचे भोग’, ‘देव बघतोय वरून’ ही वाक्ये कोणत्याही ओट्यावर ऐकू येतात. ख्रिस्ती घरांत मागचा जन्म गळून पडला, पण वाक्याचा सांगाडा तसाच राहिला. मूल अपंग जन्मले, धंदा बुडाला, तरुण मुलगी पळून गेली, नवरा दारूत गेला, की ‘प्रार्थनेत कुठेतरी कमी पडले असतील’ असे हळूच म्हटले जाते. म्हणणाऱ्याला ते भक्तीचे बोलणे वाटते. ऐकणाऱ्याच्या घरात मात्र त्या एका वाक्याने चूल पेटत नाही.

भातसानगरच्या परिसरात हा प्रश्न पाण्याच्या रूपाने समोर येतो. ही वसाहत भातसा धरणाच्या कामासाठी वसली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मा साठा एकट्या भातसात असतो. ते पाणी नदीपात्रातून पिसेपर्यंत जाते, तिथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मुंबईच्या नळांना येते. तानसा तलावही याच शहापूर तालुक्यात आहे. तरी उन्हाळा चढला की तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई वाटीने पाणी खरवडून कळशीत भरते, तळाचा गाळ वर येऊ नये म्हणून वाटी तिरकी धरते, आणि एक हंडा भरायला तिला अर्धा तास लागतो. अशा पाड्यावरच्या कातकरी आणि ठाकूर कुटुंबांविषयी बोलताना शिकलेली माणसेही शिष्यांचाच प्रश्न विचारतात: यांचे पाप की यांच्या आईबापांचे? शब्द फक्त बदललेले असतात. दारू पितात, उद्याचा विचार करत नाहीत, पोरे शाळेत घालत नाहीत, उचल घेऊन उडवतात. या वाक्यांत थोडेफार तथ्य असले तरी ते विहिरीला पाणी आणत नाही, आणि साठ्याला लागून असलेला पाडा कोरडा का, याचे उत्तरही देत नाही.

पापाविषयी ख्रिस्ती शास्त्र काय सांगते हे या ठिकाणी नीट पाहायला हवे, कारण न्याय करण्याची सवय बहुतेक वेळा पापाच्या उथळ कल्पनेतून येते. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द सर्वांत जास्त येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. हिब्रूतल्या शब्दाचाही तोच. म्हणजे पाप ही आधी दिशेची गोष्ट आहे, यादीची नंतर. संत ऑगस्टीन याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियसशी वाद घालताना हे टोकापर्यंत नेले. माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलागियसचे म्हणणे ऑगस्टीनने अमान्य केले. त्याच्या मूळ पापाच्या सिद्धान्ताला पूर्वेकडच्या मंडळ्यांनी तशाच स्वरूपात कधी मान्यता दिली नाही, आणि तान्ह्या बाळालाही दोषी धरणारा त्याचा कडवेपणा आज अनेकांना खुपतो. पण त्या सिद्धान्तातून एक गोष्ट निघते जी मंडळ्यांच्या कारभारात सहज विसरली जाते: पाप सर्वांचे असेल, तर न्यायासनावर बसायला कोणीच शिल्लक राहत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात डोळ्यातल्या कुसळाची आणि मुसळाची जी उपमा आहे, ती मराठीत म्हणीसारखी रुळली. ती वापरताना मात्र मुसळ नेहमी दुसऱ्याच्याच डोळ्यात दाखवले जाते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांमध्ये मोशे नावाचा एक वृद्ध होता. पूर्वी तो दरोडेखोर होता. एका संन्याशाच्या हातून चूक घडली, म्हणून न्याय करायला सगळे वडील जमले आणि मोशेला बोलावणे गेले. तो आधी गेलाच नाही. दुसऱ्यांदा बोलावल्यावर गळके मडके पाण्याने भरून पाठीवर घेतले आणि चालू लागला. मागे पाण्याची रेघ उमटत गेली. हे काय, असे विचारल्यावर त्याने सांगितले, की आपली पापे अशीच पाठीमागे सांडत चालली आहेत, ती आपल्याला दिसत नाहीत, आणि आज आपण दुसऱ्याच्या चुकीचा निवाडा करायला आलो आहोत. त्या संन्याशाला क्षमा झाली. पाण्याची किंमत ठाऊक असलेल्या मुलखात ही गोष्ट लवकर समजते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. न्यायच करायचा नाही, तर चुकीला चूक म्हणायचे की नाही? नवा करार चुकीला चूक म्हणतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याची पायरी पायरीने सांगितलेली रीत आहे: आधी एकट्याने एकट्याला सांगावे, मग एकदोघांना सोबत न्यावे, मग मंडळीपुढे ठेवावे. आपल्याकडे ही रीत अनेकदा उलट्या टोकाने चालते. आधी साऱ्या मंडळीत बोलबाला होतो आणि ज्याच्याविषयी बोलायचे त्याला सर्वांत शेवटी कळते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. करुणेच्या नावाखाली पीडिताला गप्प बसवणे ही करुणा नव्हे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, सहन कर, देवाचे घर मोडू नको’ असे सांगणारा पाळक पाप्यावर दया करत नाही. तो दुःखी माणसावर दुसरा घाव घालतो. मुलांवर अत्याचार झालेल्या प्रकरणांत जगभरच्या चर्चांनी संस्थेचे नाव राखण्यासाठी जे मौन पाळले, त्यालाही क्षमेची भाषा चिकटवली गेली होती. जक्कयाची गोष्ट इथे उपयोगी पडते. येशू त्या जकातदाराच्या घरी जेवायला गेला तेव्हा त्याने कसलीही अट घातली नव्हती. पण जक्कयाने उठून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. आधी पंगत झाली, मग भरपाई. पण भरपाई ठरली, आणि ती ज्यांचे नुकसान झाले होते त्यांच्यासाठी ठरली.

‘पापाचा द्वेष करावा, पाप्याचा करू नये’ हे सूत्र सर्वांच्या तोंडी आहे. ऑगस्टीनने इ.स. 424 च्या सुमारास एका मठातल्या धर्मभगिनींना लिहिलेल्या पत्रात तशा अर्थाचा विचार येतो, आणि महात्मा गांधींनी आत्मकथेत तो मांडताना हेही नोंदवले की समजायला सोपे असले तरी हे क्वचितच आचरले जाते. व्यवहारात या सूत्राचा पहिला अर्धा भाग जोरात म्हटला जातो आणि दुसरा पुटपुटला जातो. ज्याच्याविषयी ते म्हटले जाते त्याला द्वेष तेवढा पोहोचतो.

या सगळ्याचे मराठी भूमीवरचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. रमाबाईंनी दुःख पुस्तकात वाचले नव्हते. 1874 साली दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. तीर्थे, दाने, उपवास, सारे करून झाले होते. पुढे भाऊही गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन त्या 1883 मध्ये इंग्लंडला पोहोचल्या. तिथे वाँटेजच्या धर्मभगिनींकडे असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले एक घर पाहायला पाठवण्यात आले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची काळजी तिथे घेतली जात होती. भगिनी त्या बायकांशी मायेने वागत, त्यांना कामाला लावत, आणि त्यांतल्याच काही जणी पुढे इतर दुःखितांची सेवा करत. ज्या शास्त्रांत रमाबाई वाढल्या होत्या, त्यांत अशा स्त्रियांना दया नव्हती, शिक्षा होती. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्टही विहिरीवरचीच आहे. पाच नवरे झालेली आणि सहाव्याबरोबर राहणारी एक बाई भर दुपारी एकटी पाणी भरायला येते. यहुदी माणूस जिच्या भांड्याला तोंड लावणार नाही अशा जातीची ती आहे. येशू तिच्याकडेच पाणी मागतो. तिच्या आयुष्याचा उल्लेख तो करतो, पण ते प्रवचन होत नाही. बोलणे पाण्याविषयी आणि खऱ्या उपासनेविषयी चालू राहते. कळशी तिथेच टाकून ती गावात धावत जाते. मराठी वाचकाला यात जात, विटाळ आणि पाणवठा हे तिन्ही ओळखीचे वाटतात. रमाबाईंनाही ते वाटले असणार. आपल्या साक्षीत त्यांनी हा प्रसंग आपल्या श्रद्धेच्या वळणावरचा म्हणून सांगितला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

नंतरची हकीकत मंडळ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे, कारण रमाबाईंचा न्याय दोन्ही बाजूंनी झाला. धर्मभगिनींबरोबरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्यांच्यावर हट्टीपणाचा आणि अहंकाराचा ठपका येतो. त्या प्रश्न विचारत होत्या आणि ऐकून घेत नव्हत्या, हा त्यांचा अपराध. पुण्यात 1893 साली त्यांच्या शारदा सदनातल्या मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून वाद पेटला, तेव्हा रानडे-भांडारकरांसारखे सहानुभूतीदारही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई एकीकडे चर्चला पुरेशा आज्ञाधारक नव्हत्या, दुसरीकडे समाजाला धर्मबुडव्या वाटत होत्या. त्यांनी या भांडणात आयुष्य घालवले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने सापळा झालेल्या बायका-मुलींना सोबत घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर 1900 च्या सुमारास तिथे सुमारे दीड हजार जणी राहत होत्या. शेती होती, विणकाम होते, छापखाना होता आणि त्यात मुली खिळे जुळवत होत्या, अंधांसाठी ब्रेल होते. समाजाने बदनाम ठरवलेल्या बायकांसाठी वेगळे घर होते. त्या घराला पापाचे नाव दिले गेले नाही, सुधारगृह म्हटले गेले नाही. दारावरचे नाव होते कृपासदन. आत येणाऱ्या बाईला नाव सांगण्याआधी स्वतःची कहाणी सांगावी लागू नये, एवढे काम तो एक शब्द करत होता.

रमाबाईंच्या कामावर टीका करायला जागा आहे. दुष्काळात आणलेल्या मुलींना धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो टाळण्यासारखा नाही. मात्र त्याच प्रश्नाची दुसरी बाजू नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांना ठाऊक आहे. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनकडे आलेल्या महार-मांग कुटुंबांवर ‘भाकरीसाठी बाटले’ हा शिक्का बसला. तो बाहेरच्यांनी मारला, तसा काही मिशनऱ्यांनीही मारला. उपाशी माणसाचा हेतू शुद्ध आहे का, हे ते तपासत बसले. उपाशी माणसाचा हेतू तपासणे हा न्याय करण्याचा सर्वांत निर्दय प्रकार आहे. त्या कुटुंबांची चौथी-पाचवी पिढी आज चर्चच्या बाकांवर बसते आणि लग्नाच्या बोलण्यांत अजूनही ‘ते मूळचे कोण’ हा प्रश्न ऐकते.

चर्चने स्वतः न्यायासन मांडले तेव्हा काय झाले हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा काळ वगळता 1812 पर्यंत चालले. घरात तुळस ठेवली, जुन्या रीतीने लग्नाचे विधी केले, अशा कारणांसाठी नवख्रिस्ती माणसांवर खटले झाले. त्याच गोव्यात, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. आदामाच्या पतनापासून तारणापर्यंतची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जिभेवर आणि तालावर विश्वास ठेवून सांगितली. एकाच धर्मसत्तेच्या छायेत ओवी आणि तुरुंग शेजारी होते. ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांना त्यातले काय जवळचे वाटले, हे ‘ख्रिस्तपुराण’ नंतर हाताने उतरवून जपले गेले यावरून कळते.

महारोगाच्या बाबतीत धर्म, कायदा आणि भीती या तिघांनी मिळून निवाडा केला. नॉर्वेच्या हान्सेनने 1873 मध्ये या रोगाचा जंतू शोधला. रोग कोणाच्या पापाने येत नाही हे तेव्हाच ठरले होते. तरी रुग्णांना बाजूला डांबणारा केंद्राचा 1898 चा कायदा 2016 पर्यंत पुस्तकात राहिला. आणि ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात, औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होऊ लागल्यानंतर, 2001 च्या दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून घातले गेले. ते 2019 मध्ये निघाले. अठरा वर्षे हे कलम उभे होते, आणि त्याच काळात मंडळ्यांच्या वेदीवर महारोग्याला स्पर्श करणाऱ्या येशूचा उतारा दरवर्षी वाचला जात होता. या अंधाराच्या आत काम करणारी माणसेही होती. 1874 मध्ये सुरू झालेल्या कुष्ठरोग मिशनची परतवाड्याजवळ कोठारा इथली वसाहत, मिरजेतले काम, यांत रोजचे काम साधे असते: बधिर तळव्याला काय टोचले ते रुग्णाला कळत नाही, म्हणून संध्याकाळी त्याची चप्पल उलटी करून खिळा किंवा खडा आहे का हे बोटांनी चाचपायचे, जखम धुवायची, पट्टी बांधायची, मऊ रबराची चप्पल घालायची. ज्याला स्वतःचे दुखणे जाणवत नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने ते जाणवून घ्यायचे असते. शुभवर्तमानात येशूच्या कळवळ्यासाठी आलेला ग्रीक शब्द आतड्यांवरून बनला आहे, आणि जुन्या करारातल्या दयेच्या हिब्रू शब्दाचे नाते गर्भाशयाशी आहे. मराठीत आतडे तुटते, पोटात कालवते. भाषांतरकारांना हा अर्थ बाहेरून आणावा लागला नाही.

आत्महत्येच्या बाबतीत मंडळ्यांचे वागणे आजही दुखरे आहे आणि इथे थोडे थांबायला हवे. कॅथॉलिक चर्चच्या 1917 च्या धर्मनियमांत, जाणूनबुजून जीव देणाऱ्यांना धार्मिक दफन नाकारले होते. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकातही दफनविधी अशांसाठी वापरू नये अशी सूचना होती, आणि महाराष्ट्रातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या सवयी त्याच परंपरेतून आल्या. 1983 च्या नव्या कॅथॉलिक नियमांतून ही बंदी गेली. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने तीव्र मानसिक त्रास, यातना आणि भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केले आणि अशांसाठी प्रार्थना करावी असे सांगितले. भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरायला लावले. नियम बदलले, पण कुजबुज बदलली नाही. विदर्भात शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी समिती ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. एक लाखाची मदत त्यावर अवलंबून असते. सरकारला निदान कागद भरायचा असतो. दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहून ‘तो कुठे गेला असेल’ असे विचारणाऱ्या मंडळीला कोणता कागद भरायचा असतो? आपण त्या रात्री दोर कापला असता, किंवा विषाची बाटली लपवून ठेवली असती तर, हा विचार मागे राहिलेली बाई दर तासाला करत असते. तिच्या घरी जाऊन चहा करून देणे, मुलांना शाळेत सोडणे, तेराव्या दिवसानंतरही जाणे, एवढेच तिथे करण्यासारखे आहे. मेलेल्याविषयी प्रवचन करण्यासारखे तिथे काही नसते.

शेवटचा मुद्दा ऋणाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत पापांऐवजी ऋण हा शब्द आहे आणि मराठी भाषांतराने तो तसाच ठेवला. लूकमध्ये पापे आहेत. येशू बोलत होता त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालत असे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या दृष्टान्तात एका चाकराला दहा हजार तलांतांचे कर्ज माफ होते. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी एका शब्दात सुटली. बाहेर पडताच तोच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याची मानगूट धरतो. दृष्टान्ताचे गणित मुद्दाम अशक्य ठेवले आहे. ज्याला एवढे सोडले गेले, त्याने वही उघडून बसणे कसे दिसते, ते त्यात दिसावे म्हणून.

शहापूर-मुरबाडमध्ये ही वही खरोखरची असते. पावसाळ्यात घरातले भात संपले की कातकरी कुटुंब वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घेते. दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी पोरांसह भिवंडी, कल्याणकडच्या भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, मजुरी हजार विटांच्या दराने मांडली जाते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. अनेकदा हिशेबात बयाणा फिटलेला नसतो आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, आणि श्रमजीवी संघटनेसारख्यांनी या जिल्ह्यात ती मोडून काढण्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. पण लिहिता न येणाऱ्या माणसाचे ऋण दुसऱ्याच्या वहीत दुसऱ्याच्या हाताने वाढत असते. त्याने बयाण्यातून दारू प्यायली की नाही, हा प्रश्न त्या वहीतली बेरीज बरोबर आहे की नाही या प्रश्नाआधी विचारला जातो.

ठाणे जिल्ह्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या मंडळ्यांकडून तीन गोष्टींची अपेक्षा रास्त आहे. आत्महत्या, बदनामी किंवा आजार यांनी ग्रासलेल्या घराविषयी कोणत्याही सभेत त्या घराच्या गैरहजेरीत बोलले जाऊ नये, आणि हा नियम वडीलजनांच्या बैठकीपासून लागू व्हावा. मार खाणाऱ्या बाईला किंवा अत्याचार झालेल्या मुलाला क्षमेचा उपदेश करण्याआधी सुरक्षित जागा आणि पोलिसांपर्यंतची सोबत मिळावी. आणि उपवासकाळ, जो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो, तो भट्ट्या धडधडत असण्याचा आणि विहिरी आटण्याचाही काळ आहे हे ओळखून, त्या दिवसांतले दान टँकरच्या वाटेवर असलेल्या पाड्यांपर्यंत पोहोचावे, कोणाचा हेतू किंवा धर्म न विचारता. पाणी वाटताना पत्रके वाटू नयेत. तहानलेल्याला ती सक्तीच वाटते.

आणखी एक गोष्ट पैशाशिवाय करता येते. प्रत्येक मंडळीत बेरीज-वजाबाकी नीट येणारा एखादा निवृत्त शिक्षक, एखादी बँकेतली बाई, एखादा कॉलेजातला मुलगा असतो. भट्टीच्या हिशेबाच्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने जोडीच्या शेजारी बसावे, विटांचा आकडा, दर, खर्ची आणि बयाणा मोठ्याने वाचावा, आणि ती बाकी त्या दोघांना समजेल अशा शब्दांत परत सांगावी.

कळावे,
भातसानगरचा एक रहिवासी